गोंद सुकेपर्यंत

जुन्या गिटारीचा उचललेला ब्रिज, म्हणजे वरच्या फळीवरची तारा अडकवायची लाकडी पट्टी, चिकटवून क्लॅम्प आवळला की पुढचे २४ तास तिला हात लावायचा नाही. लिहायला हे सोपं आहे, पाळायला फार अवघड. माझी पहिली गिटार मी पुण्याच्या जुन्या बाजारातून आणली, सकाळी ब्रिज चिकटवला आणि संध्याकाळीच क्लॅम्प काढून तारा चढवल्या. रात्री जेवताना आतल्या खोलीतून खाडकन आवाज आला. ब्रिज पुन्हा सुटला होता, आणि सुटताना वरच्या फळीचा एक पापुद्राही घेऊन आला होता. ते दुखणं निस्तरायला पुढे महिना गेला.

दुसऱ्या वेळी मी एक युक्ती केली. गिटारीला क्लॅम्प लावला आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बाल्साच्या लाकडाचं एक छोटं ग्लायडर कापायला घेतलं. हात गुंतले, ब्रिज शांतपणे सुकला. दुसऱ्या दिवशी ग्लायडरच्या पंखाचा सांधा सुकायला ठेवला, तेव्हा गिटारीचे फ्रेट, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, घासून घेतले. तेव्हापासून हे दोन्ही छंद माझ्याकडे जोडीनेच चालतात. दोन्हीकडे लाकूड तेच, गोंद तोच, पॉलिश पेपर तोच, आणि घाई केली की शिक्षाही तीच. म्हणून हे मार्गदर्शनही जोडीनेच करतो आहे. ज्यांनी यातलं काहीच केलेलं नाही, त्यांनी याच क्रमाने जावं.

एक पेटी, दोन कामं

आधी हत्यारं. यातली बरीचशी दोन्हीकडे चालतात: चांगला कटर आणि नव्या पात्यांचं पाकीट, अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असलेली ३०० मिलिमीटरची स्टीलची पट्टी, १२०, २२०, ४०० आणि ६०० नंबरचे पॉलिश पेपर, मास्किंग टेप, टाचण्या, फेविक्विक, लाकूडकामाचा गोंद आणि ग्रॅममध्ये मोजणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा. काचवाल्याकडून फूटभर लांबीचा जाड काचेचा तुकडा कडा घासून घ्या. सपाट पृष्ठभाग म्हणून त्याच्याइतकी स्वस्त आणि खात्रीची दुसरी वस्तू नाही. गिटारीसाठी वेगळं लागतं ते म्हणजे ॲलन कीचा संच, खोल जबड्याचा सी-क्लॅम्प (साउंडहोलमधून, म्हणजे फळीतल्या गोल भोकातून, आत जाऊन ब्रिजपर्यंत पोचेल असा), छोटा आरसा आणि नव्या तारांचा एक सेट. सूर लावायला फोनवरचं ट्यूनर ॲप पुरतं.

पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीत आणि मुंबईत नागदेवी स्ट्रीटला यातलं जवळपास सगळं एका फेरीत मिळतं. दुकानदाराला कामाचं स्वरूप सांगून विचारा, बहुतेक वेळा तोच योग्य वस्तू काढून देतो. पात्यांवर मात्र कंजूषी नको. बोथट पातं बाल्सा कापत नाही, चिरडतं.

गिटार निवडताना

जुनी गिटार घेताना आवाजाकडे शेवटी बघायचं. गंजलेल्या तारांवर कुठलीही गिटार वाईटच वाजते, त्यावरून काही ठरवू नका. पैसे जातात ते लाकडाच्या दोषांवर, आणि ते डोळ्यांनी आणि बोटांनी सापडतात.

पहिली नजर मानेवर. गिटार आडवी धरा, डोक्याच्या बाजूने एक डोळा मिटून फ्रेटबोर्डच्या दोन्ही कडांवरून ब्रिजच्या दिशेने पाहा. मान पुढे थोडी वाकलेली असेल तर ती बहुधा सुधारता येते. पण दोन कडा एकमेकींना समांतर नसतील, म्हणजे मानेला पीळ बसला असेल, तर किंमत कितीही कमी असो, परत ठेवा. नवशिक्याच्या हातून पीळ निघत नाही.

मग ब्रिज. पातळ कागदाचा तुकडा ब्रिजच्या मागच्या कडेखाली सरकवून बघा. कागद आत गेला तर ब्रिज उचलला गेलाय. एवढ्यावरून गिटार टाकून द्यायचं कारण नाही, पण भाव पाडायला ते पुरेसं कारण आहे. ब्रिजच्या मागे फळीला थोडा फुगवटा असतोच. ठळक पोट आलं असेल तर मात्र फळीला आतून चिकटवलेल्या आधाराच्या पट्ट्या सुटलेल्या असू शकतात. साउंडहोलमधून आरसा आणि फोनचा टॉर्च आत घालून त्या पट्ट्या पाहा, आणि बाहेरून बोटाच्या पेराने फळीवर सगळीकडे टकटक करा. सुटलेली पट्टी खडखडते. आत बारीक पिठासारखा भुसा आणि टाचणीच्या डोक्याएवढी भोकं दिसली तर ते लाकडातल्या किडीचं काम. ती गिटार घरच्या फर्निचरजवळ आणूच नका.

मान जिथे बॉडीला मिळते तिथे फट आहे का, तेही बघा. खुंट्या तुटलेल्या, सॅडल (ब्रिजमधली, तारा टेकतात ती बारीक पट्टी) हरवलेलं, नट (मानेच्या डोक्याकडची, तारांच्या खाचांची पट्टी) फुटलेला, पॉलिश उडालेलं, या गोष्टींना घाबरायचं कारण नाही. नवे भाग मिळतात. मुंबईत धोबी तलावचं फुर्टाडोज हे वाद्यांचं दुकान तर १८६५ पासून चालू आहे.

अजून एक तपासणी, जी न चुकता करावी. गिटार स्टीलच्या तारांची आहे की नायलॉनच्या? ब्रिजमध्ये सहा खिळ्यांसारख्या पिना असतील तर सहसा स्टीलची. तारा ब्रिजला गाठ मारून बांधल्या असतील आणि डोक्यात दोन लांब खाचा असतील तर ती क्लासिकल, म्हणजे नायलॉनची. स्टीलच्या १२ नंबरच्या (सगळ्यात बारीक तार ०.०१२ इंच जाड) सेटचा एकूण ताण ७० किलोच्या आसपास जातो, नायलॉनचा साधारण त्याच्या निम्मा. क्लासिकल गिटारीवर हौसेने स्टीलच्या तारा चढवल्यामुळे ब्रिज उखडलेल्या किती तरी गिटारी जुन्या बाजारात दिसतात.

साफसफाई

तारा ताणलेल्या असताना कापू नका. सगळ्या खुंट्या थोड्या थोड्या सैल करत आणा, मग तारा काढा. बॉडी किंचित ओलसर सुती कापडाने पुसा आणि लगेच कोरडी करा. थिनर वापरू नका, मळाबरोबर पॉलिशही निघतं.

फ्रेटबोर्डवर वर्षानुवर्षांच्या घामाचा काळा थर असतो. जुन्या प्लॅस्टिक कार्डाच्या कडेने तो खरवडा, फ्रेटच्या कोपऱ्यांत टूथब्रश फिरवा. मग लाकडावर मास्किंग टेप लावून फक्त धातूचा फ्रेट उघडा ठेवा आणि शून्य-शून्य-शून्य-शून्य नंबरच्या स्टील वुलने चमकेपर्यंत घासा. काळपट पितळी रेघ चांदीसारखी झालेली पाहणं हा या सगळ्या कामातला माझा सगळ्यात आवडता क्षण आहे. शेवटी फ्रेटबोर्डला मिनरल ऑइलचे दोन थेंब चोळून लगेच कोरडं पुसून घ्या. खुंट्यांच्या दात्यांना शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब पुरतो.

मळ निघाला की खाली गडद तपकिरी, जांभळट झाक असलेलं लाकूड दिसलं तर ते कदाचित आपलं शिसव असेल. आजोळच्या कपाटाचं आणि झोपाळ्याचं शिसव जगभरातले गिटार बनवणारे फ्रेटबोर्डसाठी आणि पाठीसाठी वापरतात. २०१७ पासून शिसवाच्या सगळ्या जातभाईंच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आहे. तयार वाद्यांना त्यातून २०१९ मध्ये सूट मिळाली. म्हणून जुन्या गिटारीचा शिसवी फ्रेटबोर्ड उगाच घासून झिजवू नका, ते लाकूड तसंही सहज मिळणारं राहिलेलं नाही.

ब्रिज बसवणं

ब्रिज कडेलाच थोडा उचलला असेल तर तो पूर्ण काढायच्या भानगडीत पडू नका. फटीत कागदाच्या पट्टीने जुनी धूळ आणि सुटलेला गोंद काढा. मग इंजेक्शनच्या सिरिंजने गोंद आत सोडा आणि कागद आतबाहेर करून तो खोलवर पसरवा. साउंडहोलमधून सी-क्लॅम्प आत घाला. आतून आणि वरून, दोन्हीकडे लाकडी ठोकळे द्या, नाहीतर क्लॅम्पचा लोखंडी जबडा फळीत रुततो. कडेने गोंदाचे बारीक मणी बाहेर येईपर्यंतच आवळा. सगळं बळ लावलं तर सगळाच गोंद बाहेर येतो आणि सांधा कोरडा राहतो. बाहेर आलेला गोंद ओल्या कापडाने तेव्हाच पुसा.

अर्ध्याहून जास्त सुटला असेल तर तो काढूनच बसवावा लागतो. हेअर ड्रायरने ब्रिज हळूहळू गरम करा आणि रंगारी लांबी भरायला वापरतात ती पातळ पत्ती मागच्या बाजूने थोडी थोडी सरकवा. जोर लावायचा नाही, गरम करायचं आणि वाट बघायची. दोन्ही पृष्ठभाग उघड्या लाकडापर्यंत साफ करा, कारण गोंद लाकडाला धरतो, जुन्या गोंदाला किंवा पॉलिशला नाही. परत बसवण्याआधी जागा मोजा. नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत जेवढं अंतर, तेवढंच बाराव्या फ्रेटपासून सॅडलपर्यंत हवं, अधिक दोन ते तीन मिलिमीटर. तार दाबताना थोडी ताणली जाते आणि सूर चढतो, त्याची भरपाई या जादाच्या अंतराने होते. जागा ठरली की चारही बाजूंनी मास्किंग टेपची चौकट करा, म्हणजे गोंदावर ब्रिज घसरणार नाही.

गोंदाबद्दल दोन शब्द. लाकूडकामाचा नेहमीचा पांढरा गोंद सुकल्यावरही थोडा लवचीक राहतो. कपाटाला ते चालतं. ब्रिजवर रात्रंदिवस ताण असतो, त्यात उन्हातल्या गाडीसारखी उष्णता मिळाली की असा सांधा हळूहळू सरकतो. ब्रिजसाठी टाइटबॉन्डसारखा पिवळा गोंद बरा. जुने कारागीर सरस वापरायचे, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला गोंद. तो कडक सुकतो आणि उष्णता-ओलावा दिला की पुन्हा सुटतो, त्यामुळे दुरुस्तीला सोयीचा. पण तो गरम ठेवून झटपट लावावा लागतो, तेव्हा सुरुवातीला नको.

क्लॅम्प लावलात? आता घड्याळ बघा, तारीख-वेळ वहीत लिहा, आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला जा.

तोवर, ग्लायडर

पहिलं विमान मोटरचं नको. हाताने सोडायचं, ४५० मिलिमीटर पंखांचं बाल्साचं ग्लायडर करा. विमान का उडतं आणि का पडतं हे त्यात उघडं दिसतं, आणि पडलं तरी दोन थेंब फेविक्विकने पुन्हा उभं राहतं.

बाल्साचं झाड दक्षिण अमेरिकेतलं, आणि बाजारात येणारं बरंचसं बाल्सा इक्वेडोरहून येतं. हे लाकूड हलकं असतं, पण सगळ्या फळ्या सारख्या हलक्या नसतात. एकाच गठ्ठ्यातल्या दोन फळ्यांच्या वजनात दुपटीचा फरक असू शकतो. म्हणून काटा लागतो. पंखासाठी ३६ इंच बाय ३ इंच, ३ मिलिमीटर जाडीची फळी २५ ते ३३ ग्रॅमच्या आत मिळाली तर उत्तम. शेपटासाठी दीड मिलिमीटरची हलकी फळी, आणि धडासाठी १० बाय ६ मिलिमीटरची, जरा टणक, ४०० मिलिमीटर लांब काठी.

मापं मिलिमीटरमध्ये अशी. पंख ४५० लांब, ७५ रुंद. आडवं शेपूट १६० बाय ४५. उभं शेपूट ५० बाय ५०, पुढची कड हवी तर तिरकी. लाकडाच्या रेषा पंखात आणि आडव्या शेपटात लांबीच्या दिशेने, उभ्या शेपटात खालून वर. कापताना एका फटक्यात आरपार जायचं नाही, पट्टीला लागून चार-पाच हलके हात फिरवा. पातं लाकडाच्या रेषेमागे पळतं. म्हणून पट्टी नेहमी कामाच्या तुकड्यावर ठेवा, म्हणजे पातं भरकटलं तरी टाकाऊ बाजूला जाईल.

पंखाची खालची बाजू सपाट ठेवा. वरून पुढची कड गोल करा, आणि पुढच्या एक तृतीयांशापासून मागच्या कडेपर्यंत घासत घासत मागची कड साधारण एक मिलिमीटरवर आणा. पॉलिश पेपर बोटांवर धरू नका, लाकडी ठोकळ्याला गुंडाळा. बोटांखाली खड्डे पडतात.

आता पंख मधोमध कापा. पुन्हा जोडायचाच तर कापायचा कशाला? कारण दोन्ही टोकं वर उचललेली हवीत. विमान एका बाजूला कललं की ते खालच्या अंगाला घसरू लागतं, आणि उचललेल्या पंखांमुळे खालच्या पंखाला जास्त उचल मिळून ते आपोआप सरळ होतं. प्रत्येक अर्ध्याचं टोक ३५ मिलिमीटर उचलून त्याचं मूळ टेबलाच्या कडेला लावा आणि उभ्या ठोकळ्याने घासून तिरकं करा. मग सांध्याखाली प्लॅस्टिकचा कागद घाला, एक अर्धा टेबलावर सपाट दाबून ठेवा, दुसऱ्याचं टोक ७० मिलिमीटर उंचीवर पुस्तकांनी टेकवा आणि गोंद लावून जोडा. सांध्याच्या तोंडांना आधी गोंदाचा पातळ हात देऊन, तो लाकडात मुरल्यावर दुसरा हात देऊन जोडलं तर सांधा कितीतरी मजबूत होतो.

इथे पुन्हा थांबायचं आहे. गिटारीकडे बघा, पण हात लावू नका. खुंट्यांना तेल द्यायचं राहिलं असेल तर ते तेवढं चालेल.

सांधा सुकला की धडाच्या नाकापासून १०० मिलिमीटरवर पंखाची पुढची कड येईल असा पंख बसवा, आणि पुढच्या कडेखाली दीड मिलिमीटर जाडीची लाकडी चिपळी द्या. आडवं शेपूट मागे धडावर सपाट. म्हणजे पंख शेपटापेक्षा किंचित वर तोंड करून आहे. एवढ्याशा कोनात विमानाचं सगळं स्वास्थ्य आहे. १८७१ मध्ये पॅरिसच्या त्विलरी बागेत आल्फोन्स पेनो या तरुणाने पिळलेल्या रबरावर चालणारं छोटं विमान उडवलं, ते ११ सेकंद हवेत राहिलं. पंख आणि मागचं शेपूट यांच्यातल्या अशाच कोनामुळे ते कुणी न सांभाळता स्थिर राहिलं. त्याच्याच कल्पनेवरचं रबराचं खेळण्यातलं हेलिकॉप्टर १८७८ मध्ये राइट बंधूंच्या वडिलांनी मुलांसाठी घरी आणलं होतं. तुम्ही जी चिपळी लावताय ती पेनोच्याच सूत्रातली आहे.

जोडल्यावर मागे उभं राहून पाहा, पंख आणि आडवं शेपूट समांतर हवं. एक दोरा घेऊन पंखाच्या दोन्ही टोकांपासून शेपटाच्या मागच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा, ते सारखं यायला हवं.

शेवटी तोल. पंखाखाली पुढच्या कडेपासून २८ मिलिमीटरवर दोन्ही बाजूंना पेन्सिलची खूण करा, त्या खुणांवर विमान दोन बोटांच्या टोकांवर उचला. नाक वर जाईल. नाकाला मुलांच्या खेळातली क्ले लावत जा, विमान आडवं राहीपर्यंत. सात-आठ ग्रॅम लागावेत. बरेचजण एवढं वजन बघून बिचकतात, हलकं विमान जड का करायचं म्हणून क्ले कमी लावतात. तसं करू नका. तोल मागे गेलेलं विमान उडतच नाही.

पहिली झेप

पहाटेची वेळ निवडा, वारा नसतो. गवत असलेलं मैदान हवं. विमान तोलाच्या जागी धडाला धरा, खांद्याच्या उंचीवर, नाक क्षितिजाच्या अगदी थोडं खाली, तोंड वाऱ्याच्या झुळकेकडे. दगडासारखं भिरकावू नका. भाला पुढे ढकलावा तसं, सरळ रेषेत, विमान ज्या वेगाने तरंगेल त्याच वेगाने सोडायचं. चांगलं जमलेलं ग्लायडर खांद्यापासून आठ-दहा मीटर शांत उतरत जातं.

ते वर चढून थबकत असेल आणि मग नाक टाकून पडत असेल तर नाकाला हरभऱ्याच्या डाळीएवढी क्ले वाढवा. संक्रांतीच्या पतंगासारखं सरळ गोता खात असेल तर तेवढीच काढा, आणि तरीही खात असेल तर आडव्या शेपटाची मागची कड, तिच्यावर वाफेचा श्वास सोडून, एक मिलिमीटर वर वाकवा. सारखं एकाच बाजूला वळत असेल तर आधी मागून बघा. पंखाला पीळ असणार. चहाच्या किटलीच्या वाफेवर धरून उलटा पीळ द्या आणि गार होईपर्यंत तसंच धरा.

एका वेळी एकच बदल. हा नियम मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिला आहे. क्ले वाढवली आणि त्याच वेळी शेपूटही वाकवलं, तर विमान सुधारलं कशाने हे कळत नाही, आणि पुढच्या वेळी बिघडलं तर उपाय सापडत नाही. प्रत्येक बदलानंतर तीनदा सोडा, मग वहीत लिहा.

हे ग्लायडर साधलं की पुढची पायरी पिळलेल्या रबरावर फिरणाऱ्या पंख्याच्या विमानाची, आणि मग रेडिओवर चालणाऱ्या फोमच्या विमानाची. फोमसाठी साधं फेविक्विक वापरू नका, थर्मोकोल त्यात विरघळतो. रेडिओच्या विमानाला ड्रोन नियम २०२१ लागू होतात. उडवण्याआधी डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर आपली जागा हिरव्या, पिवळ्या की लाल पट्ट्यात आहे ते पाहा. लोहगावसारख्या विमानतळाच्या आसपास स्वतःच्या समजुतीने काही उडवू नका. घरात कुणी एनसीसीच्या हवाई विभागात असेल तर त्यांच्याकडे एरोमॉडेलिंग शिकवतात, तिथे हात बसतो.

गिटार सुरात आणणं

चोवीस तास झाले, क्लॅम्प काढला. तरी तारा आणखी एक दिवस थांबून चढवा. तारेच्या टोकाचा धातूचा गोळा ब्रिजच्या आत लाकडाला टेकलाय याची खात्री करून पिन दाबा, खुंटीवर दोन-तीन वेढे येऊ द्या. सहाही तारा आधी एक सूर खाली आणा, तासभर थांबा, मग जाड तारेपासून ई, ए, डी, जी, बी, ई असा सूर लावा.

पुढे चार मापं, ठरलेल्या क्रमाने. क्रम बदलला की केलेलं काम परत करावं लागतं.

मान पहिली. जाड तार पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर एकदम दाबा. सहाव्या-सातव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यात साध्या व्हिजिटिंग कार्डाइतकी, म्हणजे ०.२ ते ०.३ मिलिमीटर फट हवी. जास्त असेल तर मानेतला ट्रस रॉड (मान सरळ धरणारा आतला धातूचा गज) ॲलन कीने उजवीकडे पाव फेरा आवळा, फट नसेल तर डावीकडे पाव फेरा सैल करा. पाव फेऱ्याच्या वर एका दिवसात जाऊ नका आणि रॉड अडला तर थांबा, तुटला की मानच गेली. मानेत आवळता येणारा हा रॉड गिब्सन कंपनीच्या थॅडियस मॅकह्यू यांच्या नावावर १९२३ मध्ये पेटंट झाला. जुन्या स्वस्त गिटारींत मात्र तो नसतो, आणि असला तरी आवळता येत नाही. तिथे १० नंबरच्या हलक्या तारा लावून ताण कमी करणं हाच उपाय.

नंतर नट. दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मधे तार दाबा, पहिल्या फ्रेटवर केसाएवढी फट दिसायला हवी. जास्त असेल तर खालच्या पट्टीतले सूर चढे लागतात आणि बोटं दुखतात. नवशिके यालाच गिटार कठीण आहे असं समजून सोडून देतात, म्हणून याकडे नीट लक्ष द्या. नटच्या महागड्या कानशींऐवजी वेल्डिंगचं नोझल साफ करायच्या सुयांचा संच मिळतो, सुरुवातीला तो चालतो. खाच डोक्याच्या बाजूला किंचित उतरती हवी. दोन हात फिरवा, सूर लावा, बघा, पुन्हा दोन हात. खाच जास्त खोल गेलीच तर तिच्यात खायचा सोडा भरून वर फेविक्विकचा एक थेंब सोडा, क्षणात दगड होतो, पुन्हा घासता येतो.

मग सॅडल. बाराव्या फ्रेटवर, फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत मोजा. जाड ईला अडीच आणि बारीक ईला दोन मिलिमीटर हे सुरुवातीला चांगलं माप आहे. बाराव्या फ्रेटवर एक मिलिमीटर कमी करायचं तर सॅडल दोन मिलिमीटर उतरवावं लागतं, कारण बारावा फ्रेट तारेच्या मधोमध आहे. सॅडलच्या खालच्या बाजूला पेन्सिलने रेघ मारा, काचेवर २२० नंबरचा पेपर चिकटवा आणि सॅडल सरळ उभं धरून रेघेच्या थोडं अलीकडेपर्यंतच घासा. तळ सपाट राहिला नाही तर आवाज मरतो.

शेवटचं माप सुराचं. बाराव्या फ्रेटवर तारेला नुसता स्पर्श करून येणारा सूर आणि तार दाबून येणारा सूर ट्यूनरवर एकच हवेत. दाबलेला सूर चढा असेल तर तारेची लांबी कमी पडते आहे. सॅडलचा माथा त्या तारेपुरता मागच्या बाजूला टोक येईल असा घासा. हे नव्या तारांवरच तपासा, जुन्या तारा खोटं बोलतात.

तार झणझणत असेल तर ती कुठे झणझणते हे आधी ऐका. नुसती मोकळी तार झणझणली तर नटची खाच खोल आहे. पहिल्या चार-पाच फ्रेटवर झणझणली तर मान फार सरळ झाली आहे. बॉडीकडच्या फ्रेटवर सगळीकडे झणझणली तर सॅडल जास्त उतरलं. एकाच ठिकाणी झणझणली तर पुढचा फ्रेट उंच आहे, स्टीलच्या पट्टीची छोटी कड तीन फ्रेटवर ठेवून पाहा, ती मधल्यावर डुगडुगेल. मिरजेचे सतारमेकर घोडीचा, म्हणजे सतारीच्या ब्रिजचा, माथा घासून घासून हीच झणझण मुद्दाम आणतात आणि तिला जवारी म्हणतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. जवारी लावताना एकदा बघायला मिळालं तर जरूर बघा. केसाएवढं घासून कान लावायचा, परत केसाएवढं घासायचं, हे मी तिथे शिकलो.

इलेक्ट्रिक गिटारीचं काम बरंच सोपं असतं. सॅडल स्क्रूवर पुढेमागे होतं. खरखरणाऱ्या नॉबमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर मारून तो वीस-पंचवीस वेळा फिरवा, डुगडुगणारा जॅक (वायर खुपसायची जागा) आतून धरून त्याचा बाहेरचा पेचाचा नट आवळा. तुटलेल्या वायरीला २५ वॉटच्या सोल्डरिंग आयर्नने एक चांगला टाका पुरतो. हे सामान बुधवार पेठेत किंवा लॅमिंग्टन रोडला मिळतं. स्टील वुल वापरताना पिकअप (तारांखालचे, आवाज पकडणारे चुंबकी भाग) टेपने झाका, त्यांच्या चुंबकाला लोखंडाचा कीस चिकटतो.

पावसाळ्यात

गिटारीला ४५ ते ५५ टक्के दमटपणा मानवतो. आपल्याकडे, विशेषतः मुंबईत आणि कोकणात, जुलैत तो ८०-९० टक्क्यांवर असतो. वरची फळी ओल धरून फुगते, ब्रिज वर येतो आणि तारा उंच होतात. अशा वेळी सॅडल घासायचा मोह फार होतो. घासू नका. दिवाळीत हवा कोरडी झाली की फळी परत बसते, आणि घासलेलं सॅडल तेव्हा कमी उंचीचं ठरून सगळ्या तारा झणझणतात. गिटार सिलिका जेलच्या पुड्यांसह पेटीत ठेवा, बाहेरच्या ओलसर भिंतीला टेकवू नका. विदर्भात उलटा प्रकार, मे महिन्यात फळीला तडे जातात. तिथे पेटीत भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला, पिळलेला स्पंज ठेवतात.

बाल्साच्या फळ्याही पावसाळ्यात पीळ धरतात. त्या काचेखाली किंवा सपाट फळीखाली दाबून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवा. ग्लायडर भिंतीवर टांगताना दोन्ही पंखांना सारखा आधार द्या.

ऑक्टोबरच्या उन्हात गिटार पेटीबाहेर काढा, दोन दिवस घरच्या हवेत राहू द्या, सूर लावा आणि बाराव्या फ्रेटवर पुन्हा मोजा. वहीतल्या मे महिन्याच्या मापाशी ते जुळलं, तर पट्टी खाली ठेवून वाजवायला घ्या.